पंचवीस टक्के विरुद्ध

(भिलाई. पोलाद प्लांटच्या भट्टीवरून रिटायर झालेले शेषराव पेन उघडून बसलेत. पुतणी वैभवी फंडाचा फॉर्म घेऊन आली आहे. राधाबाई शेंगा सोलताहेत, कान मात्र फॉर्मवर.)

शेषराव : सही कुठं करू, तेवढं सांग. जामुलच्या केवलरामनं भरला, अन् मीच कावून मागं राहू?

वैभवी : काका, पहले सुन तो लो. कमीत कमी दहा लाख लागतात. रिटायरमेंटचं तुमचं तेवढंच उरलं आहे.

राधाबाई : दिवाळीपासून तेच सांगून राहिली मी.

शेषराव : तू शेंगा सोल. वैभवी, काय काय ठेवतात या फंडात?

वैभवी : शंभरातले कमीत कमी ऐंशी शेअरमध्ये. कंपनी वाढली, की आपण वाढलो. आणि पंचवीसपर्यंत उलटा डाव लावू शकतात. एखादा शेअर पडेल असं वाटलं, तर त्याच्या पडण्यावर.

शेषराव : ऐंशी अन् पंचवीस? हे तं शंभराच्या वर गेलं.

वैभवी : उलट्या डावाला पूर्ण पैसे नाही लागत. थोडी रक्कम ठेवून वायद्याचा सौदा होतो.

राधाबाई : का वं वैभवी, आपल्या प्लांटच्या शेअरवर बी लावतील का असा डाव?

वैभवी : मॅनेजरला वाटलं तर लावेल. तो आपल्याला थोडीच विचारतो.

शेषराव : म्हणजे छत्तीस वर्षं भट्टीसमोर भाजलो, अन् आता माझ्याच पैशानं प्लांट पडायची वाट पाहू? माझ्यासंगं भट्टीवर होता त्या दयारामचा पोरगा अजून तिथं ड्युटी करून राहिला. फॉर्मवर लिही, आमचा प्लांट सोडून.

वैभवी : असा कॉलमच नाही, काका.

शेषराव : मग ने तो फॉर्म. बँकेतच राहू दे दहा लाख.

वैभवी : ठीक है. पण काकू, तुम्ही कावून हसून राहिल्या?

राधाबाई : शेजारच्या सुशीलाकडून आता मले समोसे येतील. हे सही करत नाहीत, अशी पैज होती आमची.

शेषराव : प्लांटचं तू मुद्दाम विचारलं?

राधाबाई : मुद्दामच.

शेषराव : नवऱ्याच्या विरुद्ध पैज लावते?

राधाबाई : नेहमीच लावते. कूलर दुरुस्त करीन म्हटलं तुमी, मी लावली. पहाटे फिरायले जाईन म्हटलं, तवाही लावली. एकदाही हरली नाही.

वैभवी : फंड काकूलाच चालवायला द्यायला पाहिजे.

शेषराव : अन् माझ्या बाजूनं? कधीच नाही लावली?

राधाबाई : एकदा लावली. तुमची नोकरी पक्की नव्हती, माझे बाबा नाही म्हणत होते, तरी मी हो म्हटलं. तेवढं अजून धरून बसली आहे.