खिडकीतला शून्य

हॅलो?… मानांग पेर्ला? अगं ताई, देवासारखा फोन केलास!… हो, क्लारिताच. धक्क्यावरच्या तिकीट खिडकीतून बोलतेय.

नाही गं, तुझा प्रोग्राम बंद नाही पडला. पडला असता तर बरं! वादळाचा सिग्नल एक लागलाय, पंपबोटी बंद, आणि हा अजून 'प्रवास सुरू' अशा चिठ्ठ्या छापतोय!

केला ना! वादळाच्या 'बाग्यो' फाइलमधला सिग्नल शून्याचा एक मीच केला, ऑफिसच्या स्क्रीनवरून. भिंतीवरच्या पाटीला एक दिसतोय. खिडकीत शून्य. एकाच घरात दोन हवामानं?

बंद करून चालू केलं की… मग पाटीवरही शून्य! पुन्हा एक केला, तर पाटीवर एक, खिडकीत शून्य. डोकं फिरलंय माझं.

थांब, वाचते… खिडकीच्या फाइलीत पहिलीच ओळ… 'फ्रॉम बाग्यो इम्पोर्ट सिग्नल'. बरं, मग?

म्हणजे… चालू होताना आकडा उचलून स्वतःजवळ ठेवला? आणि नंतर बाग्योकडे ढुंकूनही पाहिलं नाही?

पण मी त्यात 'ग्लोबल' पण लिहिलं ना!… अगं, ग्लोबल म्हणजे सगळ्यांचं ना?… त्याच फाइलीपुरतं? मग एवढं मोठं नाव कशाला ठेवलं!

हसू नकोस. सांग, काय लिहू… नुसतं 'इम्पोर्ट बाग्यो'. आणि खाली सगळीकडे 'बाग्यो डॉट सिग्नल'… दर चिठ्ठीला जाऊन पुन्हा विचारायचं? शी! अगदी आमच्या इसिद्रोसारखं.

अगं, वीस वर्षं होडी चालवतोय, तरी सुटताना खिडकीकडे बघतो. मी हात हलवेपर्यंत दोर सोडत नाही. गाव हसतं! कालच झापला… म्हटलं, आता छापील चिठ्ठी मिळते ना, ती बघ आणि जा. मी नाही हात हलवणार.

छे, त्याची फेरी दुपारची. तोवर होईल दुरुस्त. अठ्ठावीस चिठ्ठ्या गेल्यात, पण…

एक मिनिट हं. काय गं नेनिता, काय ओरडतेस?… कुणाची होडी भरली?… आत्ता?

मानांग… इसिद्रोची. समोरच्या बेटावर फिएस्ताची जत्रा ना, लोकांनी घाई केली. सगळे चढून बसलेत, भाजलेलं डुक्करसुद्धा. आणि त्याच्या हातात चिठ्ठ्या… 'प्रवास सुरू'.

फोन कसा लावू? घरी चार्जिंगला ठेवलाय त्याने!… हो, इंजिन ऐकू येतंय. मीच सांगितलं गं त्याला, चिठ्ठी बघ म्हणून. मीच!

खिडकी उघडते… दिसत नाहीये, माणसंच माणसं… ए, बाजूला व्हा! बाजूला!

…

आहे. आहे गं. दोर बांधलेलाच आहे.

उभा आहे तसाच. चिठ्ठ्यांचा गठ्ठा खिशात कोंबलाय आणि माझ्या खिडकीकडे बघतोय, वेडा. लोक शिव्या घालतायत त्याला.

नाही, रडत नाहीये… बरं, रडतेय. काय?… अगं हो! हात नाही हलवायचा! डोळे पुसायलासुद्धा नको, हलवला असं वाटायचं त्याला.

ठेवते मानांग, ठेवते. दोन्ही हात आडवे धरून दाखवायचेत, आणि एकात तू आहेस.