मागच्या बाकावरचे वानखेडे सर

वहिनी, घरची मंडळी, कॉलेजातले सहकारी, आणि सरांच्या हातून पास झालेले, नापासही झालेले सगळे विद्यार्थी मित्रहो,

आज सरांचा फोटो जिथं ठेवलाय ना, तिथंच उभे राहून ते आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी निवेदन करायचे. तिकडे पाहून बोलणं मले कठीण जाऊन राहिलं आहे. सकाळी वहिनींना म्हटलं, चार ओळी लिहून आणतो, वाचून दाखवतो. वहिनी म्हणाल्या, "कायले वाचून दाखवता भाऊजी? हसवा लोकाईले. त्याईले रडकं तोंड आवडत नव्हतं." तेव्हा मंडळी, हा वहिनींचा हुकूम आहे. हसू आलं तर दाबू नका.

वानखेडे सर आमच्या फिजिक्सचे विभागप्रमुख. मी ठवकर, त्यांच्या हाताखाली लागलेला लेक्चरर. वीस वर्षांपूर्वी भंडाऱ्याहून एक ट्रंक घेऊन मी इथल्या पावर हाउस स्टेशनवर उतरलो. नोकरी कच्ची होती. पक्की ऑर्डर भोपाळहून यायची, आणि ती येणार की नाही हे वानखेडे सर फायलीत काय लिहितात त्यावर. आईच्या दर पत्रात एकच प्रश्न असायचा, पक्का झाला का?

आणि पहिल्याच महिन्यात काय पाहतो? माझ्या वर्गात, शेवटच्या बाकावर, पोरांच्या मधोमध वानखेडे सर. मांडीवर वही.

मले वाटलं, झालं, चौकशी लागली आपली. त्या दिवशी मी असं शिकवलं, असं शिकवलं, की घंटा झाली तरी थांबेना. तास संपल्यावर सर म्हणाले, चला, चहा घेऊ. त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो तो देवाचं नाव घेतच.

टपरीवर सरांनी वही उघडली. "ठवकर, तुमी आज चौदा प्रश्न विचारले." मी खूश. "अन् चौदाही उत्तरं तुमीच देऊन टाकली."

मग जे बोलले ते मले जन्मभर पुरलं. "प्रश्न विचारला का चूप राहायचं. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकेक तोंड पाहत जायचं. तेवढा वेळ आपल्याले मोठा वाटते. पोराईले तो पुरत नाही."

अशी ही सरांची पद्धत. गुरुवारी एकानं दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायचं. मग चहा. चांगलं म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही, काय दिसलं तेवढं सांगायचं. त्यातलं एक अक्षर फायलीत जाणार नाही, असं सर शपथेवर सांगायचे. माझा काही विश्वास बसत नव्हता. साहेब वर्गात येऊन बसतो आणि फायलीत लिहीत नाही, असं कुठं असतं का?

एकदा तर मजाच झाली. नव्या बॅचच्या एका पोरानं बाकावर सरांना जागा करून दिली आणि हळूच विचारलं, भैया, कितनी बार फेल हुए? सर म्हणाले, अठारह साल से इसी क्लास में हूँ. त्या पोरानं तासभर सरांना आपली वही दाखवून धीर दिला.

मग माझी पाळी आली. मी सरांच्या वर्गात बसलो. नंतर टपरीवर म्हणालो, फार सुंदर सर, ऐकतच राहावंसं वाटलं.

सरांनी कप खाली ठेवला. "ठवकर, हा तर हार झाला. हार मी मेल्यावर घाला. आज काय पाहिलं ते सांगा."

दिसलं तर होतं मंडळी. बोलायची छाती होत नव्हती. डोळ्यांपुढे ती फाईल, ते भोपाळ, आईचं पत्र. शेवटी डोळे मिटले आणि बोलून टाकलं. "सर, तुम्ही तासभर डाव्या बाजूला एकदाही पाहिलं नाही."

डाव्या बाजूला मुली बसायच्या. सरांच्या घरचं वळणच तसं, परक्या बाईकडे मान वर करून पाहायचं नाही. ते वळण त्यांनी वर्गातही पाळलं. अठरा वर्षं! अठरा वर्षं हा माणूस उजवीकडे तोंड करून फिजिक्स शिकवत होता. वहिनी, हसा, तुमाले तर माहीतच आहे.

सरांनी कप उचलला, पुन्हा खाली ठेवला. मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली. मग म्हणाले, "एवढे जण बसून गेले. कोणीच सांगतलं नाही मले."

दुसऱ्या दिवशी मले सोबत घेऊनच वर्गात गेले. साक्षीदार पाहिजे म्हणाले. आम्ही हिंदीतच शिकवायचो. सरांनी विचारलं, रेल्वेच्या रुळाला दोन तुकड्यांच्या मध्ये फट का ठेवतात? आणि सर डावीकडे वळले. कान लाल झालेले. एकेक तोंड पाहू लागले. मुलींनी माना खाली घातल्या. उजवीकडची पोरं चुळबुळ करायला लागली. सर थांबले. थांबलेच.

तिसऱ्या बाकावरून कुम्हारीहून बसनं येणारी एक मुलगी उठली. "सर, गर्मी में पटरी बढ़ती है. मेरे बाबूजी गैंगमैन हैं."

आणि मग ती जी बोलत सुटली! उन्हाळ्याच्या आधी बाबूजी सांधे कसे तपासतात, कुठं तेल घालतात, फट बुजली तर रूळ कसा वाकडा होतो. सर खुर्चीत बसून ऐकत राहिले. टपरीवर आले तेव्हा लहान पोरासारखे खूश. म्हणाले, "मी पुस्तकातली पटरी शिकवून राहिलो ठवकर, अन् जिच्या घरी पटरी हाये ते पोरगी डाव्या बाजूले चूप बसून होती."

ती मुलगी सरोज वर्मा. आता इथंच जवळ पद्मनाभपुरात राहते, स्वतः कॉलेजात शिकवते. आज तिसऱ्याच ओळीत बसली आहे. सरोज, मी मराठीत बोलतोय, पण तुमाले सगळं कळून राहिलं, दिसते मले.

माझी पक्की ऑर्डर आली. आईनं गावभर पेढे वाटले. सरांनी फायलीत काय लिहिलं होतं, ते मी आजपर्यंत विचारलं नाही.

सर, आज तुमाले हार घातला. तुमची परवानगी होतीच. आता काय पाहिलं ते सांगतो. रिटायर झाल्यावरही तुम्ही गुरुवार चुकवला नाही. गेल्या गुरुवारी मी वर्गात गेलो, तर मागचा बाक रिकामा होता. त्या तासाला मी किती प्रश्न विचारले आणि किती उत्तरं स्वतःच देऊन टाकली, मले माहीत नाही. मोजणारं कोणी नव्हतं.

म्हणून मंडळी, तुमाले एक प्रश्न विचारतो. येत्या गुरुवारी माझ्या वर्गात मागच्या बाकावर कोण येऊन बसेल?

उत्तर मी देणार नाही. आपण सगळे उभे राहू. सर थांबायचे तेवढा वेळ थांबू, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.