पांढऱ्या व्हॅनवरची जुनी अक्षरे

मी, मयत फ्रीजमिस्त्रींची पत्नी, वय ४७ वर्षे, धंदा गाड्यांवरील स्टिकरची डिझाइन करणे, राहणार दिराच्या बोर्ड-बॅनरच्या दुकानावरची मागली खोली, पोलीस चौकीत समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी सासूबाई व दीर यांच्यासह राहते आणि दिराच्याच दुकानात काम करते. गिऱ्हाईक आपल्या गाडीचे चारी बाजूंनी काढलेले फोटो देते. त्या फोटोंवर मी कॉम्प्युटरवर रंग, नाव, फोन नंबर बसवून गाडी पुढे कशी दिसेल ते दाखवते. पसंत पडले की स्टिकर छापून गाडीवर चढवतात. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. पुढचे वाचन आणि कॉम्प्युटर माझे मी शिकले.

माझे पती गेल्या वर्षी हृदयविकाराने वारले. त्यांची पांढरी व्हॅन होती. तिच्यावरचे ‘फ्रीज दुरुस्ती, घरपोच’ हे स्टिकर मी केले होते. ते माझे पहिलेच काम. दाराच्या मुठीची जागा मी लक्षात घेतली नाही, त्यामुळे मूठ नेमकी ‘दुरुस्ती’वर आली आणि ‘रु’ मधोमध कापला गेला. मी नवीन करून देते म्हटले. पती म्हणाले, “राहू दे गं. दार उघडताना रोज तुझी आठवण येईल.” याचा प्रकरणाशी काय संबंध, असे जबाब घेणाऱ्या साहेबांनी विचारले. संबंध आहे.

पती वारल्यावर महिन्याभरात दीर म्हणाले, “वहिनी, गाडीचं इंजिन बसलंय. भंगारात देऊन टाकली. तुम्हाला कशाला कागदपत्रांचा ताप?” मी कशावरही सही केली नाही. गाडी जाताना तुम्हाला बघवणार नाही, असेही ते म्हणाले. ते मला खरे वाटले.

परवा मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास नाक्यावरचे लाँड्रीवाले दुकानात आले. दीर बाहेर गेले होते. लाँड्रीवाले म्हणाले, “दुकानाचे मालक म्हणाले होते, स्टिकर दुसरीकडे करा. म्हटलं, ओळखीचं दुकान सोडून लांब कशाला जाऊ?” त्यांनी घेतलेल्या गाडीचे फोटो मला दिले. जुने स्टिकर त्यांनी सोलून काढले होते. पण स्टिकर काढले तरी त्याखालचा रंग ताजा राहिलेला असतो आणि आजूबाजूचा उन्हाने उतरलेला असतो, त्यामुळे अक्षरे दिसत राहतात. लाँड्रीवाले म्हणाले, “ताई, हे जुनं नाव तेवढं झाका. चांगला गडद निळा मारा.”

फोटो मोठा करून पाहिला. चालकाच्या दारावर ‘फ्रीज दुरुस्ती’ वाचता येत होते. मूठ ‘रु’वर होती.

गाडी कोणाकडून घेतली, असे मी विचारले. ते म्हणाले, “तुमच्याच मालकांकडून की! इंजिन एकदम ठणठणीत. कागदांवर मयताच्या बायकोची सहीसुद्धा आहे. बिचारीला गाडी डोळ्यांसमोर नकोशी झाली होती म्हणे.” मी त्यांना गडद निळ्या रंगात डिझाइन करून दाखवले. अक्षरे पूर्ण झाकली गेली. त्यांना पसंत पडले.

संध्याकाळी दिराला विचारले. ते आधी म्हणाले, ती गाडी ही नव्हेच. मी फोटो पुढे केला. मग म्हणाले, “घरात बसवून जेवू घालतोय ते दिसत नाही, एक डबडं तेवढं दिसलं!” मी म्हटले, “भाऊजी, घरात नाही, दुकानात बसवून.” सासूबाई म्हणाल्या, “एक गेला माझा. आता दुसऱ्याला तू आत घालणार?” दीर म्हणाले, “चौकीची पायरी चढायची असेल, तर आधी माझी खोली रिकामी करा.”

लाँड्रीवाल्यांनी आज येथे आणलेल्या कागदांवरची सही मला दाखवली. ती माझी नाही. लाँड्रीवाल्यांविरुद्ध माझी तक्रार नाही. माझे दीर यांनी माझी खोटी सही करून माझ्या पतीची गाडी विकली, अशी माझी तक्रार आहे. ती गाडी मला नकोशी झाली होती, असे मी कधीही कोणालाही सांगितलेले नाही.

हवालदारांनी मला दोनदा समजावले की, “बाई, घरातलं घरात मिटवा. रात्री परत त्याच दारात जायचंय तुम्हाला.” मी कपड्यांची पिशवी सोबत आणली आहे.

जबाब मला वाचून दाखवला. नंतर मी तो हातात घेऊन स्वतः वाचला. त्यात ‘घरगुती गैरसमजातून’ असे लिहिले होते. ते शब्द मी बोलले नव्हते. ते खोडायला लावून बाजूला सही केली आहे. राहिलेला जबाब मी सांगितला तसाच आहे.