राजाच्या पुढं चालणारा

अकोल्याच्या बसस्थानकावर माधवीताई अमरावतीच्या गाडीची वाट पाहत होत्या. शेजारच्या बाकावर मांडीवर लॅपटॉप घेतलेली दामिनी आणि तिचे वडील शेषराव बोलत होते. माधवीताईंचे कान आपसूक तिकडे वळले.

"गाडी यायच्या आत पाठव ना माय. हा नमुना पटला तं इंग्रजीचं फ्रेंच करायचं काम घरबसल्या भेटते म्हनतेस."

"एका मानसापाशी अडली, बाबा. इंग्लंडचा राजा संसदेत आला का हा त्याच्या पुढं काठी घेऊन चालते. फ्रेंचमंदी मी त्याले राजवाड्याचा व्यवस्थापक केलं."

"तो वाडा चालवते का?"

"नाही. निस्ता मान हाय."

"मंग व्यवस्थापक काहून? आपल्या गावची पाटीलकी कवाचीच गेली, पन पोळ्याले तोरनाखालून पयला बैल पाटलाचाच निंघते. त्याले म्यानेजर म्हनशील?"

"अशा मानकऱ्याले फ्रान्सच्या जुन्या दरबारातला एक शब्द हाय. पन तिथं आता राजाच नाही."

"राजा गेला, शब्द तं घरातच हाय न त्याईच्या. सांग बरं."

"ग्राँ शांबेलाँ."

"वा. कानाले कसा भरजरी वाट्टे. तोच घाल."

दामिनीची बोटं चालली. मग तिनं डोळे मिटून बटण दाबलं.

"गेलं, बाबा."

"माही पोरगी राजाच्या मानकऱ्यायले फ्रेंच नेसवून राह्यली."

गाडी लागली, दाराशी झुंबड उडाली. शेषरावांनी बगलेतली काळी छत्री काढून ताठ उभी धरली.

"सरका बाप्पा, सरका. तू मांगून ये माय, मी पुढं चालतो."

माधवीताईंनी पिशवी उचलली आणि दोघांना वाट दिली.