उरलेला कोपरा

व्हर्जिनियात, आमच्या कोर्टात खरेदीखत नोंदवायच्या रांगेत माझ्यापुढे दोघं म्हातारे बहीणभाऊ होते.

"थॅड, जुन्या दप्तरात मर्सीचा जबाब सापडला. सतराशे एकावन्नचा."

"कोण मर्सी?"

"आपल्या घराण्यातली पहिली. नवरा शेत विकत होता. कोर्टानं तिला एकटीला बाजूला घेऊन विचारलं, तुझी राजीखुशी आहे का?"

"मग?"

"म्हणाली, शेत द्या, पण अक्रोडाखालचा कोपरा देणार नाही. तिथं माझ्या दोन मुली पुरल्यात."

"ताई, तेवढाच तर तुकडा आपल्याकडे उरलाय."

"म्हणूनच उरलाय."

"आज तो विकला की बिल्डर खोदायला कधी घेणार?"

"सोमवारी."

थॅडनी हातातलं खरेदीखत घडी घालून खिशात ठेवलं. मग वळून मला म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं. आम्हाला आता काही नोंदवायचं नाही."