बोनसचे दोन हजार

सकाळी बरोबर दहा वाजून वीस मिनिटांनी माझी चोरी उघडी पडली, तीही उल्हासनगरात, सेठच्या दुकानात.

माझ्या सासूला, अम्मीला, हजला जायचं होतं. परकर शिवून शिवून तिने पैसे साठवले, तरी फॉर्म भरायला दोन हजार कमी पडत होते. उधारीवर हजला जायचं नाही, असं ती ठाम म्हणायची. मला मात्र धास्ती, तिचे गुडघे अजून वर्षभर टिकतील का? म्हणून ती ज्याचे परकर शिवते त्याच सेठकडून मी गुपचूप पैसे आणले आणि 'यांना बोनस मिळाला' म्हणून तिच्या हातात ठेवले.

एक गोष्ट विसरले. हजला जाणारा माणूस आधी सगळ्यांची माफी मागतो, कुणाचं देणं राहिलंय का विचारतो. अंबरनाथच्या घरून फॉर्म भरायला निघालो, तर अम्मी वाटेत उल्हासनगरला सेठकडेच वळली. बाळाला कडेवर घेऊन मी मागे.

"सेठजी, काही कमीजास्त बोलले असेन तर माफ करा. माझ्याकडे तुमचं काही निघतं?"

"नहीं अम्मा, आपका कुछ नहीं. बहू के दो हजार हैं, बस."

अम्मीने माझ्याकडे पाहिलं. पिशवीतून नोटा काढून गल्ल्यावर ठेवल्या.

"अम्मी, तुमचे गुडघे..."

"गुडघ्यांना सांगते मी, वर्षभर थांबा म्हणून. उद्यापासून नाड्या तू ओवायच्या."

तेव्हा बायांनो, अंबरनाथमध्ये कुणाला परकर शिवायचे असतील तर आमच्याकडे पाठवा. शिलाई पक्की. चार जणींना सांगा, आणि हेही सांगा की उधारी चालणार नाही.