गवताचा भारा

दादा : आणि हे काय? हिचं मुंडकं कुठे गेलं?

धाकटी : हात लावू नकोस, फोटोवरचा रेझिनचा थर अजून सुकलेला नाही.

दादा : सव्वीस वर्षं लोक माझ्या फोटोतल्या या बाईचं हसू बघायला येतात, आणि माझी सख्खी बहीण तिचा चेहरा उडवून नुसता भारा आणि हात चांदीत बसवते! कुणाच्या कानात नांगर, कुणाच्या गळ्यात म्हैस. झकास चाललंय दुकान.

धाकटी : म्हैस सगळ्यात जास्त खपते.

दादा : खपणारच. ज्यांनी जन्मात शेण तुडवलं नाही, त्यांनाच ती गळ्यात हवी असते.

धाकटी : तू तुडवलंस ना. गाडीतून उतरलास की तेवढंच.

दादा : मी लोकांचं जगणं टिपतो. तू डूल विकतेस. जरा फरक आहे.

धाकटी : हे प्रिंट तूच दिलेस. खोकंभर. "कपाटाच्या खणात अंथर" म्हणालास.

दादा : अंथरायला दिले होते, कात्री चालवायला नाही! पुढच्या आठवड्यात माझ्या आयुष्यभराच्या फोटोंचं प्रदर्शन आहे. भिंतभर हाच लावतोय, 'कष्टातलं हसू'. आणि इकडे तू त्याच बाईची खांडोळी करतेस.

धाकटी : तिनेच सांगितलं म्हणून चेहरा कापला.

दादा : कुणी?

धाकटी : या बाईने. समोरच्या बँकेत फरशी पुसते. सोमवारी बादली घेऊनच आत आली. काचेत तेव्हा चेहऱ्यासकटचं पेंडंट होतं. बोट ठेवून म्हणाली, "ही मी."

दादा : असं कुणीही म्हणेल.

धाकटी : डावी करंगळी वाकडी आहे. फोटोतली आणि तिची, दोन्ही.

दादा : बरं, असेल. मग हरखली असेल.

धाकटी : हरखली? फोटो पहिल्यांदाच बघत होती ती. मी विचारलं, काय आठवून हसत होतीस गं? तर म्हणाली, "हसतंय कोण? शिव्या देत होते त्याला."

दादा : काहीतरीच.

धाकटी : डोक्यावर भारा, आणि तू तिला तीनदा चढ चढायला लावलंस. उजेड नीट पडत नव्हता म्हणून.

दादा : दोनदा.

धाकटी : हं.

दादा : उजेड खरंच नव्हता. आणि काही म्हणायचं होतं तर सरळ म्हणायचं तोंडावर!

धाकटी : तेच तर करत होती बिचारी. तोंड उघडं, दात बाहेर, आणि तू वर लिहून टाकलंस 'हसू'. म्हणे लोकांचं जगणं टिपतो.

दादा : आता काय हवंय तिला?

धाकटी : प्रदर्शनाचं मी सांगितलं तिला, तर तोंड भिंतीवर नकोय. भारा राहू दे म्हणाली, "भारा मी झकास बांधला होता." हे तिच्यासाठीच करतेय.

दादा : आमंत्रणं छापून गेलीत.

धाकटी : जाऊ देत. भिंत अजून कोरी आहे ना?

दादा : तिला प्रदर्शन म्हणजे काय, ते तरी कळतं का?

धाकटी : तिलाच विचार. या वेळेला सुटते ती. ती बघ, निळी पिशवी घेऊन रस्ता ओलांडतेय.

दादा : ती? एवढीशी?

धाकटी : तू खाली बसून फोटो काढलास, म्हणून उंच दिसली.

दादा : भारा तिच्या दुप्पट होता गं. आणि चढ अगदी उभा.

धाकटी : मग?

दादा : तीनदा. तीनदाच चढवलं मी तिला. थांब, तू दार उघडू नकोस. मीच जातो.

धाकटी : जा. गळ्यातला कॅमेरा तेवढा इथे काढून ठेव.